आधी पाणी, मग पान, मग मासा

वाशीम जिल्ह्याचा नकाशा लक्षपूर्वक पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट तत्काळ येते, ती ही, की या मुलखातून कोणतीही महानदी वाहत नसली, तरी कित्येक नद्यांचे माहेर होण्याचा मान या मुलखास लाभला आहे. काटेपूर्णा येथल्या टेकड्यांत जन्म घेऊन उत्तरेस अकोल्याकडे उतरते आणि पूर्णा-तापीच्या वाटेने अरबी समुद्रास जाते. पूस, अडाण आणि अरुणावती या येथल्याच धारा पैनगंगेस मिळतात व वर्धा-प्राणहितेच्या द्वारे गोदावरीस आणि शेवटी पूर्वसमुद्रास पोचतात. एकाच मेघातून, एकाच जिल्ह्यात पडलेले दोन थेंब दोन भिन्न समुद्रांस मिळावेत, असे हे जलविभाजकाचे पठार आहे. येथील माणूस पाणी साठवावयास शिकला तो याच कारणाने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या प्राचीन वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीम गावात, १०८ तीर्थे होती असे परंपरा सांगते. त्यांपैकी पद्मतीर्थ आजही गावात आहे, बालाजीच्या देवळापाशी देवतलाव आहे आणि तिकडे कारंज्यास ऋषितलाव आहे.

तळ्याच्या पायरीवर बसून पाण्यात मुरमुरे टाकावेत आणि ते खावयास वर आलेली माशांची तोंडे पाहत राहावे, हे सुख ज्याने बालपणी भोगले आहे, त्याच्या मनात ते पाणी आणि तो मासा घरी आणण्याची इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविकच आहे. गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाच्या मनात ती उत्पन्न झाली आणि सणाला मिळालेल्या पैशांतून त्याने एक काचेचे गोल भांडे व त्यात चार सोनेरी मासे आणले. चौथ्या दिवशी सकाळी चारही मासे आडवे होऊन पाण्यावर तरंगत होते. पोराचा चेहरा उतरला होता, पण तो रडला नाही, त्याने मला एकच प्रश्न विचारला : "मामा, पाणी तर मी रोज बदलत होतो, मग ते मेले कसे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला बराच काळ वाचन करावे लागले, जाणत्यांशी बोलावे लागले आणि पुढे त्या मुलाबरोबर दुसरी टाकी मांडून पाहावी लागली. हा लेख म्हणजे ते उत्तर होय. त्याचे सार एवढेच आहे, की आपण नेहमी मासा आधी निवडतो, मग त्याच्या शोभेसाठी वनस्पती घेतो आणि पाण्याचा विचार सर्वांत शेवटी करतो किंवा करीतच नाही. हा क्रम सर्वस्वी उलटा केल्याखेरीज मासा जगत नाही.

पाणी

आपल्या घरी येणारे पाणी कसे आहे, हे येथल्या गृहिणीला कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून ठाऊक असते. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाच्या बुडाशी पांढरा थर धरतो आणि गीझरच्या कॉइलवर क्षारांचे कवच चढते. हा सारा प्रताप दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. या बेसाल्टच्या भेगांतून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवीत खाली जाते, म्हणून ते जड होते आणि त्याचा सामू बहुधा सातच्या वर असतो. एकबुर्जी जलाशयातून नळाने येणारे पाणी त्या मानाने हलके असू शकते. परंतु त्यात निर्जंतुकीकरणाचे क्लोरीन असते आणि मनुष्यास उपकारक असलेले हे क्लोरीन माशाच्या कल्ल्यांस मात्र जाळते. भाच्याच्या माशांवरचा पहिला आघात हाच होता. तो रोज सकाळी प्रेमाने ताजे नळाचे पाणी भरीत होता. तेच पाणी रुंद बादलीत दिवसभर उघडे ठेवले असते, तर क्लोरीन बव्हंशी उडून गेले असते. ज्यास तेवढी सवड नाही, त्याने सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे छायाचित्रकार ज्यास 'हायपो' म्हणत त्याचे, थेंब वापरावेत.

दुसरा आघात अधिक सूक्ष्म होता. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात तो साचत नाही, कारण तळाच्या वाळूत आणि दगडांवर राहणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये विषारी आहेत, तिसरे पुष्कळच सौम्य आहे, आणि ते वनस्पतींचे अन्नही आहे. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू प्रथम वेगळे करून दाखविले. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते वाढून कामास लागावयास तीन ते सहा आठवडे लागतात. जो मनुष्य सकाळी टाकी आणून संध्याकाळी तीत मासे सोडतो, तो त्यांस अशा गावात वस्तीस पाठवितो, की जेथे घरे बांधली आहेत पण सांडपाण्याचा कोणताच बंदोबस्त झालेला नाही.

येथे आपल्या पाण्याचा एक विशेष सांगितला पाहिजे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांपैकी एक जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसरे घातक असते. सामू सातवरून आठवर गेला, की घातक रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते आणि उष्णता वाढली की ते आणखी वाढते. म्हणजे ज्या चुकीची कोकणातल्या मृदू किंवा महाबळेश्वरच्या मृदू, थंड पाण्यात कदाचित क्षमा होईल, त्याच चुकीची वाशीमच्या जड आणि उष्ण पाण्यात होणार नाही.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात रोजच घडत असतो. दूध नुसते ठेवून दही होत नाही, त्यास विरजण लागते. कोणाच्या घरी सहा महिने चाललेली निरोगी टाकी असेल, तर तिच्यातील ओंजळभर खडे किंवा फिल्टरचा मळका स्पंज मागून आणावा आणि आपल्या टाकीत ठेवावा, हेच विरजण. मग रोज चिमूटभर माशांचे अन्न रिकाम्या टाकीत टाकीत जावे, म्हणजे जीवाणूंस खाद्य मिळेल. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची थेंबांची पेटी मिळते. दोन्ही शून्यावर आल्याचे तिने दाखविल्याखेरीज मासा आणू नये. ही मुदत कंटाळवाणी वाटते खरी, परंतु सारे मत्स्यपालन या मुदतीवरच उभे आहे.

भांड्याविषयी थोडक्यात सांगतो. गोल भांडे कधीही घेऊ नये. त्यात पाणी थोडे मावते आणि ते लगेच बिघडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी राहते आणि नवशिक्यासाठी याहून लहान टाकी अधिक अवघड, अधिक सोपी नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. पाणी, काच आणि खडे मिळून तिचे वजन पाऊण क्विंटलच्या घरात जाते. तेव्हा तिच्याखाली भक्कम, समपातळीचा ओटा हवा. तळास अंथरावयाची रेती आणि खडे नदीचेच उत्तम. मात्र आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात, त्यांतील काही कॅल्साइटचे असतात. खड्यावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे उठले तर तो खडा बाजूस ठेवावा, कारण तो जड पाण्यास आणखी जड करील. संगमरवराची खडी आणि समुद्राचे शिंपले यांसही हाच नियम लागू आहे.

पान

१८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका काचपात्रात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती ठेवली. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेईल आणि वनस्पती जो सोडते तो मासा घेईल, असे त्याचे अनुमान होते. ते खरे ठरले. परंतु कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी ती पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईच्या चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथेच.

वॉरिंग्टनच्या पात्रातील ती व्हॅलिस्नेरिया भारतातील तळ्यांत आणि संथ नद्यांत आपणहून वाढते. फितीसारखी लांब, हिरवी पाने आणि तळातून धावणारी मुळे, असे तिचे रूप असते. तिचे मीलन पाहण्यासारखे असते : मादीफूल लांब, वळणदार देठावर पाण्याच्या पृष्ठापर्यंत येते, नरफुले तळाशी देठापासून सुटून बुडबुड्यांसारखी वर येतात, तरंगत तरंगत मादीफुलाच्या खळग्यात उतरतात, आणि फलन होताच तो देठ स्प्रिंगसारखा आखडून फळास खाली ओढून नेतो. आपल्या मुलखाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा, की पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेटही ती अन्ननिर्मितीसाठी वापरते. ज्या जडपणाने डाळ शिजत नाही, त्याच जडपणावर ती पोसते. हायड्रिलाचेही तसेच आहे. शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसास हायड्रिला ठाऊक आहे, कारण उपड्या नरसाळ्याखाली ती ठेवून, परीक्षानळीत जमलेल्या प्राणवायूत धुमसती काडी पेटवून दाखविण्याचा प्रयोग आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

तेव्हा नवशिक्याने आरंभी मागच्या बाजूस व्हॅलिस्नेरियाची रांग लावावी. एका कोपऱ्यात हायड्रिलाची किंवा मुळांवाचून तरंगणाऱ्या हॉर्नवर्टची जुडी सोडावी, आणि पुढे एखाद्या दगडास किंवा लाकडास दोऱ्याने जावा फर्न अथवा अनुबियास बांधावे. या शेवटच्या दोहोंचे जाड आडवे खोड वाळूत पुरू नये, पुरल्यास ते सडते. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये; दिवसाकाठी आठ तासांचा दिवा पुरे, अधिक प्रकाशाने पानांऐवजी शेवाळ वाढते. तळ्यातून आणलेली वनस्पती फिकट गुलाबी होईल इतक्याच पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून स्वच्छ धुवावी, म्हणजे जळवा आणि चतुराची अळी घरात येणार नाही. ही अळी लहान मासे धरून खाते. मात्र दुर्मीळ वनस्पतीस हात लावू नये. साताऱ्याच्या कास पठारावर उगवणारा वायतुरा पाण्यात वाढतो आणि सुंदर दिसतो, म्हणून तो उपटून आणण्याचा मोह होईल. तो आवरलाच पाहिजे.

मासा

पाणी सिद्ध झाले आणि पान रुजले, म्हणजे मग माशाचा विचार करावा. आणि तो करताना 'कोणता मासा सुंदर' असे न विचारता 'माझ्या पाण्यात कोणता मासा सुखाने राहील' असे विचारावे.

पहिले नाव गप्पीचे. हा मासा आपल्या खेड्यापाड्यांस परका नाही. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही अक्षरे आपण भिंतींवर वाचलेली आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातील हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी वाढविलेले करडे, चपळ गप्पी पुष्कळांनी पाहिलेले आहेत. मूळचा हा मासा त्रिनिदाद आणि व्हेनेझुएला या प्रदेशांतला. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी या निसर्गाभ्यासकाने त्याचे नमुने लंडनला धाडले, म्हणून त्यास हे नाव पडले. भारतात तो विसाव्या शतकाच्या आरंभी आला. दुकानातील रंगीत पिसाऱ्याचा गप्पी आणि हौदातला करडा गप्पी ही एकाच कुळाची लेकरे आहेत. त्यास जड पाणी मानवते. मादी सुमारे महिन्यागणिक वीस-तीस जिवंत पिले देते आणि एकदा झालेल्या मीलनावर पुढे काही महिने विणीत राहते. म्हणून ज्यास टाकीत गर्दी नको, त्याने केवळ नर आणावेत. याच कुळातील मॉली आणि प्लॅटी हे मध्य अमेरिकेतले आणि जड पाण्यातच अधिक तजेलदार दिसणारे आहेत.

दुसरे नाव झेब्रा मासा. हा तर आपल्याच देशाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. बोटाएवढाही नसलेला, निळ्या-रुपेरी रेघांचा हा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठी वाढविला जातो. हा एकटा ठेवू नये. सहा किंवा अधिकांचा थवा असला म्हणजे तो निर्भयपणे हिंडतो आणि तेव्हाच त्याचे सौंदर्य दिसते. तिसरे नाव गुरामीचे. ही आणि फायटर या माशांस कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे एक वेगळे इंद्रिय असते, म्हणून प्राणवायू उणा झाला तरी ते तग धरतात. फायटर मात्र एकच ठेवावा. दोन नर एका टाकीत आले की एकाचा अंत ठरलेला.

५६ लिटरच्या टाकीत सहा झेब्रा, चार-पाच नर गप्पी आणि एक छोटी गुरामी, एवढी वस्ती पुरे आणि तीही एकदम नव्हे, पंधरवड्याच्या अंतराने. आधी झेब्रा आणावेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग तीत टाकीचे पाणी थोडे थोडे घालावे आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. आठवड्यास एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. सारे पाणी कधीही बदलू नये. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, नाहीतर विरजण वाहून जाईल.

आता काय आणू नये. सोनेरी मासा फुटाच्या जवळ वाढणारा आणि दहा-वीस वर्षे जगणारा आहे. लहान टाकी हे त्याचे घर नव्हे. दुकानात 'शार्क' या नावाने मिळणारा रुपेरी, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा पोरगेला मासा वास्तविक मेकाँग नदीचा पंगस आहे. तो मीटरभर वाढतो आणि बाजारात खाण्यासाठी विकला जातो तो हाच. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. निऑन टेट्रा आणि डिस्कस हे अमेझॉनच्या मृदू, आम्ल पाण्याचे जीव. आपल्या बोअरच्या पाण्यात त्यांचे हाल होतात. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो आणि म्हणतो, मला घागरीत ठेव; घागरीत मावेनासा झालो की खड्ड्यात ठेव; तेथेही मावेनासा झालो की समुद्रात नेऊन सोड. मासा आणण्यापूर्वी तो किती वाढणार, हे विचारावयाचे असते, हे त्या कथेतील मनूस माशानेच सांगितले. आपल्याला ते दुकानदारास विचारावे लागेल.

वैशाख

विदर्भातील टाकीची खरी परीक्षा मे महिन्यात होते. बाहेर पारा बेचाळिसाच्या वर गेला, की घरातल्या टाकीचे पाणीही तिशी ओलांडते. वीस अंशांवर एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसात. म्हणजे माशास अधिक हवा लागते तेव्हाच ती कमी मिळते. त्यातच लाइन गेली, की हवेचा पंप बंद. मासे पाण्याच्या पृष्ठाशी तोंडे आणून धापा टाकू लागले, तर हेच कारण समजावे. यावर आपल्या माठाचेच तत्त्व कामास येते : झाकण अर्धे उघडे ठेवून पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा फिरवावा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. अन्न निम्मे करावे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा. उडालेल्या पाण्याची भरपाई बोअरच्या पाण्याने केली, तर क्षार दिवसेंदिवस वाढत जातात; म्हणून पावसाळ्यात स्वच्छ छतावरून साठविलेले पाणी यासाठी राखून ठेवावे.

एक मागणे

१८३९ साली कर्नल साईक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिताना मराठी कोळ्यांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावांत गुंफली. नुकटा आणि कोळस हे शब्द त्यामुळे आजही जगाच्या मत्स्यशास्त्रात आहेत. ते मासे आज संकटात आहेत, आणि त्या संकटांतले एक आपल्या दिवाणखान्यातून जाते. टाकीत काच चाटावयास आणलेला सकर मासा मोठा झाला म्हणून कोणीतरी सोडून दिला. आज उजनी धरणातल्या जाळ्यांत तो सापडतो, जाळी फाडतो आणि कोळ्यांच्या कामाचा नसतो. जलपर्णी शोभेसाठीच आली होती. याच्या उलट, आपल्याकडची हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेटीच्या व्यापाऱ्यांमार्फत श्रीलंकेहून अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडाच्या तलावांत तण म्हणून माजली.

म्हणून वाचकांस माझे कळकळीचे सांगणे आहे, की टाकी मोडावी लागली, तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्या, दुकानदारास परत द्या, वनस्पती उन्हात वाळवून मग टाका; पण पद्मतीर्थात, एकबुर्जीत किंवा गावच्या ओढ्यात काही सोडू नका. आपल्या जिल्ह्यातील एका ओढ्यात सोडलेला मासा तापीस जाऊ शकतो आणि दुसऱ्या ओढ्यात सोडलेला गोदावरीस.

भाच्याच्या दुसऱ्या टाकीत पाच आठवडे एकही मासा नव्हता. तो रोज शाळेतून आल्यावर तिच्यासमोर बसून पाण्याची तपासणी करी आणि वहीत आकडे मांडी. सहाव्या आठवड्यात सहा झेब्रा आले. या लेखाची शाई वाळत असताना ते सहाही जिवंत आहेत.